भाड्याचे घर आणि घराचे भाडे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर घर घ्यावे की भाड्याने राहावे असला व्यवहारी विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. काल-परवापर्यंत जिथे साहित्य आणि इतिहास यांची चर्चा झाली, तिथे आज एकदम हप्ता आणि भाडे! परंतु ही परंपरा ज्यांनी सुरू केली त्या न्यायमूर्ती रानड्यांची आठवण करा. पुण्यात १८७५ साली त्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि ते स्वतः हिंदी अर्थशास्त्राचे आद्य अभ्यासक होते. प्रपंचाचा हिशेब हा विद्वानांनी नाक मुरडण्याचा विषय आहे असे त्यांना कधी वाटले नाही. मध्यमवर्गीय माणूस सगळ्या आयुष्यात एकच मोठा व्यवहार करतो, आणि तो घराचा. भाजी घेताना आपण दोन दुकाने फिरतो. घर घेताना मात्र पुष्कळदा मेव्हणा काय म्हणाला यावर काम भागवतो. म्हणून तासभर या विषयाला दिला तर तो वाया जाणार नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत आपल्याला दोन म्हणी दिल्या आहेत. एक म्हणते, ‘भाड्याचे घर आणि खाली कर.’ दुसरी म्हणते, ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून.’ पहिली भाडेकरूला भिववते, दुसरी घर बांधणाऱ्याला. शहाण्या पूर्वजांनी दोन्ही बाजूंना भीती घालून ठेवली आणि निकाल आपल्यावर सोपवला! पण लोकांच्या मनात निकाल केव्हाच लागलेला असतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशातली शंभरांपैकी सुमारे ८७ कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती आणि ११ भाड्याच्या. नुसती शहरे घेतली तर भाड्याने राहणारी २७-२८ भरतात. म्हणजे भाड्याने राहणारा आपल्याकडे अल्पसंख्य, आणि अल्पसंख्याची कीव करण्याची चाल सगळीकडेच आहे. मुलीचे स्थळ पाहायला आलेली मंडळी ‘घर स्वतःचे ना?’ हे पहिल्या चहाबरोबरच विचारून घेतात. त्यामुळे हा प्रश्न पैशांचा राहत नाही, तो इभ्रतीचा होतो. आणि इभ्रतीच्या प्रश्नात माणूस बेरीज-वजाबाकी करायला लाजतो.

मालवणच्या किनाऱ्यावर तर या प्रश्नाला आणखी एक गाठ पडली आहे. इथे कुणालाही घर घेण्याविषयी विचारा, उत्तर ठरलेले: ‘गावाक घर आसा मां आमचा! मगे हय कित्याक घेवचा?’ आचऱ्याला आहे, पेंडूरला आहे, चौक्याला आहे, देवबागला आहे. गणपतीला सगळे तिथे जमतात. उरलेले दिवस कुलूप त्या घरात राहते आणि माणसे दुसऱ्याच्या खोलीत राहतात. मालकीचे घर एकीकडे आणि राहते घर दुसरीकडे, ही फारकत आपल्याकडे कशी झाली हे समजल्याशिवाय आजचा प्रश्न सुटणार नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

आपले आजे-पणजे बोटीने मुंबईला गेले ते गिरणीत, गोदीत, छापखान्यात, पेढीवर नोकरीसाठी. गिरणगावात एका गावच्या मंडळींनी मिळून खोली भाड्याने घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत, आणि महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर गावाला. त्या खोलीवर कुणाचे प्रेम नव्हते. ती बोटीतल्या जागेसारखी होती, प्रवासापुरती. प्रेम होते ते गावच्या चिरेबंदी घरावर. मग महायुद्ध आले, मुंबईत माणसांची दाटी झाली, भाडी भडकू लागली, आणि १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. त्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० ला जे होते तिथे जवळजवळ गोठवून ठेवले आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही अशी तजवीज केली. हेतू चांगला होता. परिणाम मात्र विचित्र झाला. दर महिन्याला काही रुपये देणारा भाडेकरू व्यवहारात मालकासारखा झाला, आणि मालकाला त्या भाड्यातून कौलेसुद्धा बदलता येईनात. भाडे गोठले, पण पाऊस काही गोठला नाही! इमारती खचू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ स्थापावे लागले. दक्षिण मुंबईतल्या १९,६४२ जुन्या इमारती त्याच्या यादीत आल्या.

कायद्याने भाडे बांधले तरी जागेची किंमत बांधली जात नाही. ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. ती वाट म्हणजे पागडी. जुन्या भाडेकरूने नव्याकडून मोठी रक्कम घ्यायची, मालकाने त्यात आपला वाटा घ्यायचा, आणि पावती मात्र जुन्याच भाड्याची फाडायची. १९४७ च्या कायद्याप्रमाणे हा गुन्हा होता, तरी गिरगाव ते लालबाग तो राजरोस चाले. शेवटी १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याला मोकळीक दिली.

आता या साऱ्याचा मालवणशी संबंध काय? संबंध असा की, ज्या पिढीला मुंबईत नाममात्र भाड्यात कायमची खोली मिळाली, तिच्यापुढे ‘घर घ्यावे की भाड्याने राहावे’ हा प्रश्न उभाच राहिला नाही. भाड्याची खोली हेच तिचे घर झाले. पोरे त्याच दहा बाय बारामध्ये शिकली, मोठी झाली, त्यांची लग्ने झाली. कुणाकुणाचे नशीब फळलेही. सरकारने १९२० नंतर बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या भाड्याने राहिल्या. त्यांच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य देण्याचे ठरले, आणि वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्याही मिळाल्या. शंभर वर्षांच्या भाडेकरूचा मालक झाला. पण जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांची नोकरी गेली आणि ज्यांनी खोली विकून पैसे गावी आणले, त्यांनी गावी येऊन काय पाहिले? भिंती उभ्या, पण आढे वाळवीने पोखरलेले; आणि उताऱ्यावर नावे तीस. तेव्हा लक्षात आले की, मुंबईत जे आपले नव्हते तिथे आपण हक्काने राहिलो, आणि इथे जे आपले होते तिथे पाहुण्यासारखे वागलो.

आपल्या वडिलांचा भाड्याचा अनुभव हा असा होता: स्वस्त आणि पक्का. तोच अनुभव गृहीत धरून आज कुणी भाड्याने राहणार असेल, तर त्याने सावध व्हावे. आज भाड्याने जागा मिळते ती बहुतेक अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर. नाव लांबलचक असले तरी अर्थ साधा आहे: तुम्ही भाडेकरू नव्हे, परवानगीने राहणारे आहात. मुदत संपली की जागा सोडावी लागते. सोडली नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्याच कायद्याच्या कलम ५५ ने करार लेखी असावा आणि नोंदलेला असावा असे सांगितले आहे, व नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाड्याने राहणाऱ्याचे म्हणणे, उलट पुरावा येईपर्यंत, धरले जाते. गावात ओळखीपाळखीने, शब्दावर खोल्या दिल्या-घेतल्या जातात. शब्द चांगला असतो. पण शब्द देणारा वारला की त्याचा मुलगा त्या शब्दाला बांधलेला नसतो. तेव्हा शंभर ओळखी असल्या तरी कागद करावा.

आणि मालवणात आता एक नवा प्रतिस्पर्धी उभा आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, २०२१ साली चिपीला विमान उतरले. तारकर्लीचे पाणी पाहायला आलेला पाहुणा एका रात्रीसाठी जे देतो, ते बदली होऊन आलेला शिक्षक महिन्याला देऊ शकत नाही. मग मालकाने खोली कुणाला द्यावी? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण दिवाळी आणि मे महिना आला की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्या बिऱ्हाडकरूचे दुःखही खरे आहे.

आता हिशेबाकडे येतो. पाटी-पेन्सिल नाही तरी चालेल, आकडे मी सोपे धरले आहेत. लोक म्हणतात, भाडे म्हणजे पैसे पाण्यात. तेवढ्याच पैशांत हप्ता फेडला तर घर आपले होते. हे ऐकायला गोड आहे. पण स्वतःच्या घरालाही भाडे असते, हे आपण विसरतो. ते घरमालकाला न देता बँकेला द्यावे लागते, पालिकेला द्यावे लागते, आणि खाऱ्या वाऱ्याला द्यावे लागते.

समजा, तीस लाखांचा एक फ्लॅट आहे आणि तशीच जागा आठ हजार भाड्याने मिळते आहे. तुम्ही सहा लाख पदरचे घालता आणि चोवीस लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्जाऊ घेता. हप्ता येईल सुमारे २०,८०० रुपये. पहिल्या हप्त्यात व्याज किती? १७,००० रुपये. मुद्दल फिटते अवघे ३,८०० च्या आसपास. वीस वर्षांत बँकेकडे जमा होतील जवळजवळ पन्नास लाख. त्यांतले सव्वीस लाख व्याजाचे. पदरचे सहा लाख ठेवीत राहिले असते तर सात टक्क्यांनी महिन्याला ३,५०० आले असते, ते बुडाले. घरपट्टी, सोसायटीचा खर्च, किरकोळ दुरुस्ती मिळून २,००० धरा. सतरा, साडेतीन आणि दोन मिळून साडेबावीस हजार. हे तुमच्या स्वतःच्या घराचे पहिल्या वर्षीचे मासिक भाडे! फेडलेले मुद्दल मी यात धरलेले नाही, कारण ती तुमची बचत आहे. शेजारचा बिऱ्हाडकरू आठ हजारांत राहतो. म्हणजे महिन्याला साडेचौदा हजार आणि वर्षाला पावणेदोन लाख तुम्ही जास्त मोजता. घराची किंमत दरसाल सुमारे सहा टक्के वाढली तरच ही तूट भरून येते. शिवाय मुद्रांक आणि नोंदणी यांचे पाच-सहा टक्के पहिल्याच दिवशी जातात. घर घेऊन तीन वर्षांत विकणारा माणूस म्हणूनच बहुधा हात पोळून घेतो.

मग भाड्याने राहणेच शहाणपणाचे, असे आपण म्हणाल. थांबा, हिशेब अजून संपलेला नाही. भाडे आठ हजारांवर राहणार नाही. दरसाल पाच टक्क्यांनी वाढले तर एकविसाव्या वर्षी ते २१,२०० च्या घरात जाईल. हप्ता मात्र, व्याजाचा दर तोच राहिला तर, पहिल्या दिवशी २०,८०० होता आणि शेवटच्या दिवशीही २०,८००. आणि गंमत पाहा: ज्या महिन्यात बिऱ्हाडकरूचे भाडे तुमच्या जुन्या हप्त्याच्या वर जाते, त्याच सुमारास तुमचा हप्ता संपतो. त्या वेळी तुम्ही साठीला टेकलेले असता आणि पगार बंद झालेला असतो. भाड्याने राहणाऱ्याने मधल्या वर्षांत वाचलेले पैसे दरमहा ठेवीत टाकले असतील तर तोही तरला. पण खरे सांगा, वाचलेले पैसे ठेवीत टाकणारे आपल्यात किती? बँक हप्ता सक्तीने घेते. स्वतःच स्वतःकडून सक्तीने हप्ता घेणारा माणूस विरळा.

जाणकार मंडळी एक आडाखा वापरतात. घराच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागावे. भागाकार पंधराच्या आत आला तर घेणे फायद्याचे. पंचवीसच्या वर गेला तर भाड्याने राहणे स्वस्त. मध्ये आला तर इतर गोष्टी पाहाव्यात. आपल्या उदाहरणात तो एकतीस येतो. हा आडाखा आहे, वेदवाक्य नव्हे. पण घर पाहायला जाण्यापूर्वी एवढा भागाकार प्रत्येकाने करावा. तो केला की दलालाच्या बोलण्यातला निम्मा रंग उतरतो.

आता ज्या गोष्टी हिशेबात बसत नाहीत त्यांच्याकडे वळू, कारण माझ्या मते निर्णय तिथे होतो. भाडे देऊन तुम्ही काय विकत घेता? निघून जाण्याची मोकळीक. घर घेऊन काय विकत घेता? राहण्याची निश्चिती. दोन्ही मौल्यवान आहेत, आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. पंचवीस वर्षांच्या बँक कर्मचाऱ्याला, ज्याची बदली आज मालवण तर उद्या मिरज होणार आहे, मोकळीक हवी. त्याने इथे घर घेतले तर ते त्याच्या पायातले लोढणे होईल. मुले दहावी-बारावीला आली आहेत, धंदा बाजारपेठेत बसला आहे, आईला जिना चढवत नाही, अशा गृहस्थाला निश्चिती हवी. त्याला चार पैसे जास्त पडले तरी त्याने घर घ्यावे. जी बाई एकटी राहते, जिला ‘पुढच्या महिन्यात खोली लागेल हं’ या एका वाक्याने रात्रभर झोप लागत नाही, तिच्यासाठी निश्चितीचे मोल कोणत्या गणितात बसवणार?

परदेशांकडे पाहिले तरी हेच दिसते. स्वित्झर्लंड हा काही दरिद्री देश नव्हे. तिथली निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही, कारण भाडेकरूलाही तिथे कायद्याने दाद मागता येते. उलट सिंगापूरमध्ये दहांपैकी सुमारे नऊ कुटुंबे घरमालक आहेत. पण १९६० साली स्थापन झालेल्या तिथल्या गृहमंडळाने दिलेली ही घरे ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेली आहेत. म्हणजे ‘मालक’ म्हणवणारा एका अर्थाने लांब मुदतीचा भाडेकरूच! शब्दांना भुलण्यात अर्थ नाही. राहणाऱ्याला निश्चिती किती, एवढेच विचारावे.

आणि निश्चिती घराच्या भिंतीत नसते, कागदात असते. आपल्या जिल्ह्यात घर किंवा घराची जागा घेणाऱ्याने काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहिल्या पाहिजेत. पहिली, असेसमेंटचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका घरपट्टी कुणाकडून घेते एवढेच तो सांगतो. घर एकाचे आणि खालची जमीन दुसऱ्याची, ही आपल्याकडे जुनीच स्थिती आहे. शेजारच्या गोव्यात भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारासाठी १९७५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो याचसाठी. दुसरी, सातबारावर ‘कुळ’ आहे काय ते पाहावे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली; पण अशा मिळालेल्या जमिनीच्या विक्रीला कुळकायद्याच्या कलम ४३ च्या अटी लागतात, आणि त्या न पाळता केलेले खरेदीखत पुढे मुलांच्या गळ्यात येते. तिसरी, बहिणींच्या सह्या. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव उताऱ्यावर नाही म्हणून तिचा हक्क गेला, असे समजून कुणी घर विकत असेल तर घेणाऱ्याने हात आखडावा. चौथी, किनाऱ्याचे नियम. १९९१ सालापासून भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. नियम पुढे बदलले, पण संपले नाहीत. समुद्र दिसणाऱ्या प्लॉटचा भाव जास्त असतो, आणि त्याचे कागदही जास्त तपासावे लागतात. पाचवी, फ्लॅट असेल तर महारेराची नोंदणी. २०१६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरांहून मोठी जागा किंवा आठांहून अधिक सदनिका असतील तर नोंदणीशिवाय विक्री करता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात.

याशिवाय समोरचा समुद्र हाही एक भागीदार आहे. खारी हवा सिमेंटच्या भेगांतून आत शिरते, सळ्या गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि स्लॅबला आतून फोडते. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तेव्हा पायात शिसे ओतले असे सांगतात. ज्यांना समुद्राशी घर करायचे होते त्यांनी आधी पायाचा विचार केला. आपण मात्र फरशीचा रंग आधी पाहतो! जुने घर किंवा फ्लॅट घेताना उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात एकदा, असे दोनदा पाहावे. मे महिन्यात प्रत्येक घर चांगले दिसते. जुलैमध्ये ते खरे बोलते.

आता शेवटी त्या गाठीकडे येतो, जी मी सुरुवातीला आपल्यापुढे ठेवली होती. ‘गावाक घर आसा मां!’ ते घर खरोखरच तुमचे आहे काय? मी एक साधी कसोटी सुचवतो. त्या घराच्या भिंतीत एक खिळा ठोकायचा असेल तर किती जणांना विचारावे लागेल? कुणालाच नाही, असे उत्तर असेल तर ते तुमचे घर आहे, आणि दुसरे घेण्याची घाई करू नका. दोघां-चौघांना, असे असेल तर बसून बोलता येईल. पण तीस जणांना, त्यांतले आठ मुंबईत, दोन दुबईत, तिघे बोलत नाहीत आणि पाचांची वारसनोंदच नाही, असे असेल, तर तुमच्याजवळ घर नाही. घराची आठवण आहे. आठवण अनमोल असते, पण तिच्या पडवीत म्हातारपण काढता येत नाही.

अशा घराची शाकारणी कोण करणार? जो राहतो तो म्हणतो, खर्च मी एकट्याने का करावा? जो राहत नाही तो म्हणतो, मी राहतच नाही तर पैसे का देऊ? दोघांचेही बोलणे न्यायाचे, आणि दोघांच्या न्यायात घर कोसळते. आधी कौल सरकते, मग रीप कुजते, मग वासा, आणि एका पावसात माजघराचे अंगण होते. ज्या घराचे भाडे कुणीच भरत नाही, त्याचे भाडे पाऊस वसूल करतो.

म्हणून घर घेण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी, या चतुर्थीला सगळे भाऊबंद आणि बहिणी जमतील तेव्हा, आरती झाल्यावर अर्धा तास हा विषय काढा. वारसांची नावे लावून घ्या. जमिनीच्या वाटपासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. घरासाठी नोंदलेले वाटणीपत्र करता येते. ज्याला खरोखर येऊन राहायचे आहे त्याला इतरांनी रास्त मोबदला घेऊन घर द्यावे, आणि गणपती त्याच घरात सर्वांचा राहील एवढे लिहून घ्यावे. घर एकाच्या नावावर झाले म्हणून देव वाटले जात नाहीत. तीस जणांच्या मालकीचे पडके घर असण्यापेक्षा एकाच्या मालकीचे उभे घर तीस जणांना जास्त उपयोगी पडते. निदान जेवायला बसायला छप्पर तरी राहते.

एवंच, माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाच वर्षांच्या आत गाव सोडण्याचा संभव असेल, तर खुशाल भाड्याने राहा, करार नोंदवा, वाचलेले पैसे बाजूला टाका, आणि कुणी कीव केली तर हसून सोडून द्या. इथेच राहायचे ठरले असेल, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसत असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर घर घ्या; घेताना खरेदीखतात पत्नीचेही नाव घाला. कागद स्वच्छ नसतील तर भाव कितीही उतरला तरी घेऊ नका, कारण ती स्वस्ताई तुमच्या मुलांना कोर्टात फेडावी लागेल. आणि वडिलार्जित घरात हिस्सा असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. कदाचित ज्या घरासाठी तुम्ही वीस वर्षे हप्ता भरायला निघाला आहात, ते घर आचऱ्याला किंवा चौक्याला कुलूप लावलेले उभे असेल, आणि त्याची किंमत भावाला मारलेल्या एका हाकेइतकीच असेल.

घर मालकीचे असो की भाड्याचे, संध्याकाळी दिवा लावताना ‘उद्या इथे असू ना?’ ही शंका ज्याच्या मनात येत नाही, तो आपल्या घरात राहतो. ती शंका घालवण्याचा ज्याचा त्याचा मार्ग ज्याने त्याने हिशेब करून निवडावा, एवढीच माझी विनंती आहे.